खाणीतलं निवळ पाणी

"बघ गो बाय, आरसो!" असं म्हणत काका बाटली खिडकीकडे धरायचे. पाणी चांगलं की वाईट, हे ठरवायची त्यांची पद्धत एवढीच.

मुलुंडला पितळेच्या कारखान्यात, आमच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते; सगळे त्यांना काका म्हणत. साठच्या दशकाच्या अखेरीस मी केमिस्ट म्हणून लागले. काचेची भांडी धुणं, डिस्टिल्ड वॉटर भरणं, चाचणीची मांडामांड, सगळं त्यांच्याकडे. खरं सांगायचं तर सही मला करता येत होती, काम त्यांना येत होतं. तुमच्याही कचेरीत असा कुणी असेल.

ते नाहूरला चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहत. बायको मालवणकडच्या वाडीत. वाडीतल्या बायका दूरच्या ओढ्यावरून पाणी आणत. वर डोंगरात साहेबाच्या काळातली, कधीच सोडून दिलेली धातूची खाण होती, आणि तिचा खड्डा बारमाही भरलेला. काकांनी वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या मागे लागून त्या खड्ड्यापासून नळ खाली आणवला. नारळही त्यांनीच फोडला.

मे महिन्याच्या रजेवरून आले ते सरबताच्या बाटलीत ते पाणी घेऊन. "ह्यात मासो नाय, बेडूक नाय, शेवाळ नाय. तुमच्या मुंबयत असला पाणी गावतला?"

मी घोटभर प्यायले आणि म्हटलं, "झकास!"

ज्या पाण्यात बेडूकसुद्धा राहत नाही, ते पाणी केमिस्ट बाईला झकास वाटलं. पितळेत सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, किती, हे बघायची चाचणी मी रोज करत होते. तासाभराचं काम. पण मला सुचलं नाही, आणि त्याबद्दल मी अजून स्वतःला शिव्या घालते.

काही वर्षांनी काकू आजारी पडल्या म्हणून काकांनी त्यांना नाहूरला आणलं. मी मोसंबी घेऊन गेले. काकूंच्या तळहातांवर तांदळाच्या कण्यांसारखे कडक दाणे होते, मानेवर काळे ठिपके.

"कामाचे घट्टे ते, बाय," काकू म्हणाल्या.

तळपायांवरही तेच दाणे होते; सोमलाच्या विषाची ही खूण मी पुस्तकात वाचली होती. कोपऱ्यात एक कॅन होता. काकूंना मुंबईचं पाणी बाधेल म्हणून काका येणाऱ्या-जाणाऱ्याकडून नळाचं पाणी मागवत होते. मी त्यातलं बाटलीभर मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सोमलाची चाचणी काकांनीच मांडली. पाण्यात आम्ल, जस्ताचे तुकडे, नळीच्या तोंडावर रसायनात भिजवलेला पांढरा कागद. तो कागद त्यांनीच कापलेला. कागद पिवळा झाला, मग तपकिरी. त्या रंगाचा अर्थ ते माझ्याआधीपासून ओळखत होते. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी न बसलेला तो माणूस स्टुलावर बसला.

"मियाच पाजलंय गो तिका."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते!

काकू दोन महिन्यांत गेल्या. दिवसकार्य उरकून काकांनी राजीनामा दिला, गावी गेले आणि करवतीने नळ कापला. वाडीने तो जोडला. जोडला की ते परत कापत. बायका अंगावर आल्या, "तुमची बाईल गेली म्हणान आमी परत ओढ्यार जावचा?" कागदाचा रंग कुणाला दाखवणार! मी सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. पोच आली, बाकी काही नाही.

मग वाडीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते रोज सकाळी ओढ्याचं पाणी आणून दारोदार कळशी ठेवत. काही घरं ती त्यांच्यासमोरच अंगणात ओतत. हे मला मंडळाच्या सेक्रेटरीने सांगितलं. काका वारल्यावर त्यांचे राहिलेले कागद न्यायला तो कारखान्यात आला होता. शेवटपर्यंत कळशी सोडली नाही म्हणे.

मी विचारलं, "आणि नळ?"

"तेराव्याकच जोडलो," तो समाधानाने म्हणाला. "आता चालू हा. बायकांचे पाय वाचले, बाय."