पाटीवरची बारीक ओळ

जगात कुणाचं काय भलं झालं, याचं आमच्या ह्यांना सोयरसुतक नसतं. पण माझ्या धाकट्या भावाने डिजिटल कॅमेरा घेतला आणि ह्यांचं जेवणातलं लक्षच उडालं.

ह्यांचा फोटो स्टुडिओ. अजून फिल्मवर काढतात, डार्करूममध्ये स्वतः धुतात आणि निगेटिव्हला भिंग लावून तासन्‌तास बसतात. गल्लीत नावच पडलंय, भिंगवाले. गिऱ्हाइकाच्या शर्टाची शिवण मोजता आली की स्वारी खूश! गिऱ्हाईक खूश आहे का, ते मला विचारावं लागतं.

लेकीला परगावी नोकरी लागली. खोलीत लावायला तिला एक मोठा फोटो हवा होता. गच्चीत ती उभी, मागे आपली गल्ली. "मामाकडून काढून घेते," असं ती सहज बोलून गेली आणि ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"का? घरात फोटोग्राफर नाही?"

"तसं नाही बाबा. मामाचा चोवीस मेगापिक्सेलचा आहे."

"चोवीस! माझ्या निगेटिव्हची बरोबरी करायला ऐंशी लागतील, ऐंशी! बोलाव त्याला. एकाच जागेवरून दोघं काढू. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी आहे ना, तिच्यावरची बारीक ओळ ज्याच्या फोटोत वाचता येईल, त्याचा फोटो तू न्यायचा."

भाऊ आला, हसतहसत दोन मिनिटांत फोटो काढून मोकळा झाला. मग ह्यांनी स्टँड लावला. काळ्या कापडाखाली शिरून एकेक अक्षर जुळवत राहिले. लेक कठड्याशी ताटकळली होती. "हलू नकोस," एवढंच तिच्या वाट्याला आलं.

दोन्ही फोटो सारख्या आकारात मोठे करून टेबलावर मांडले. ह्यांच्या फोटोत पाटीवरचा फोन नंबरसुद्धा स्वच्छ. भावाच्या फोटोत ती ओळ म्हणजे नुसता राखाडी पट्टा.

"बघा मेव्हणे!" ह्यांची छाती फुगली. "वाचून दाखवा!"

"दाजी, समोर पोरगी उभी होती. मी पाटीवर कशाला फोकस करू?"

तेव्हा कुठे ह्यांनी आपल्या फोटोत पाटीच्या अलीकडे पाहिलं. लेकीच्या जागी एक पुसट आकृती होती. नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता नाही.

"पाटी छान आलीय बाबा," लेक म्हणाली. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून तसं बोलली, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. तिने मामाचा फोटो गुंडाळायला घेतला.

"थांब," म्हणत ह्यांनी तो ओढून घेतला. मला वाटलं, आता काहीतरी खोड काढणार. मामाकडे बघून हसणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यावरून ह्यांची नजर हलेना.

"हिच्या गालाला खळी पडते?" मला हळूच विचारलं. "कधीपासून?"

"जन्मापासून," मी म्हटलं.