देवचाराने नेलेला मामा

“आजपासून फुटबॉल बंद. निदान काही महिने,” मस्कतच्या इस्पितळातले मल्याळी डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या पायांत सरावाचे मोजे होते. मोसमाआधी आमचा तिथला क्लब सगळ्या खेळाडूंची तपासणी करतो. मी मिडफिल्डर, म्हणजे मैदानात सगळ्यात जास्त धावणारा. माझं काय कपाळ निघणार, असं समजूनच गेलो होतो.

त्याआधी सरावात एक-दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मस्कतचं ऊन, दुसरं काय, म्हणून लिंबूपाणी प्यालो आणि परत धावलो. तुम्हाला धावताना असं झालं तर लिंबूपाण्यावर भागवू नका, डॉक्टर गाठा.

माझा इको झाला. आवाजाच्या लहरींनी पडद्यावर हृदय दाखवणारी ही तपासणी. दुखत नाही, छातीवर गार जेल तेवढं लावतात. हृदयाची एक भिंत जाड निघाली. डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या. एक, अ‍ॅथलीट्स हार्ट: वर्षानुवर्षं धावून हृदय दंडासारखं बळावतं आणि विश्रांतीने उतरतं. दुसरी, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी: हा बहुतेक वेळा घराण्यातून येणारा आजार. त्यात धावताधावता ठोके बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो. पहिलं असेल तर खेळ, दुसरं असेल तर बूट कायमचे खुंटीला.

“घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. खरंच कुणी आठवलं नाही.

विश्रांतीसाठी गोव्यात मांद्र्याला घरी आलो. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेरापासून सगळे विचारायचे, कधी रे परत? मी म्हणायचो, लवकरच. तसं मला वाटतही होतं.

भात कापून झालं होतं. आमच्याकडे रिकाम्या शेतात फुटबॉलच्या गोलाचे खांब रोवतात, पण त्याआधी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, देवचाराला, गावाच्या राखणदाराला, जाड भाकरीचा रोट ठेवतात. आई चुलीपाशी रोट भाजत होती आणि दरवर्षीसारखी बाबीमामाबद्दल बोलत होती. तो तिचा धाकटा भाऊ. तरुणपणीच त्याच शेतात बॉलमागे धावताना पडला, तो उठलाच नाही. त्या वर्षी रोट ठेवायचा राहिला होता, म्हणून देवचाराने नेला, असं मी लहानपणापासून ऐकलं होतं. आमच्या घरात मामा आजाराने गेलेला नव्हताच. मग डॉक्टरांना सांगायला आठवणार कसा?

आईला सगळं सांगितलं. ती रोट परतत राहिली.

पणजीला दुसरा इको झाला. भिंत उतरली होती, पण थोडीच. नुसत्या इकोवरून ठाम सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. क्लबाचे फोन येत होते. मामाबद्दल तोंड उघडलं नाही तर मला परवानगी मिळण्यासारखी होती. खरं सांगतो, मला मरणाची भीती कमी आणि संघातली जागा जाण्याची जास्त होती.

शेवटी आईला म्हटलं, मी परत जाऊ की नको, देवळात कौल लाव. आमच्याकडे लग्न असो, घर असो, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. मस्कतला जाताना माझी उजवी पडली होती. याही वेळी तीच पडणार, याची मला खात्री होती.

आई सकाळी गेली, दुपार करून आली आणि पायरीवर बसली. काय पडलं, म्हणून विचारलं.

“देवान उजवो कौल दिल्यान असतो, तर तुका धाडूचा लागला असता,” ती म्हणाली. “म्हणान मी इचारूकच नाय.”

मग ती रडली. मीही रडलो. त्याच दुपारी मस्कतला फोन करून डॉक्टरांना मामाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आता खेळायचं नाही.

आज माझ्या छातीत आयसीडी आहे. कातडीखाली बसवलेलं हे यंत्र ठोके बिघडले तर झटका देऊन ताळ्यावर आणतं. मामाच्या मुलीचाही इको करून घेतला. डॉक्टरांनी विचारलं तर तुमच्याकडची देवचाराने नेलेली माणसंही सांगा बाबांनो.

मी आता शेतात शिट्टी घेऊन उभा असतो, पोरं धावतात. रोट आई अजून ठेवते. देवळात गेली की त्या न लावलेल्या कौलाची माफीही मागते. मी शेजारी हात जोडून उभा असतो. उभा आहे, तो तिच्यामुळे.