खोलीतला घाट

ट्रकच्या कारखान्यात त्यांना सगळे घाटमास्तर म्हणत. वास्तविक मास्तरांनी आयुष्यात एकही घाट चढलेला नव्हता. ते घाट तयार करीत, आणि तेही बंद खोलीत. लोखंडी ओट्यावर ट्रकचा गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल बोल्टने जखडलेला असे. एका बाजूची मोटर त्याला फिरवी, दुसऱ्या बाजूचं यंत्र त्याला मागे ओढी. ते ओढणं म्हणजेच चढ, माल, चिखल, सगळं काही. मास्तरांच्या डाव्या हाताशी एक काळं गोल बटण होतं. ते उजवीकडे फिरवलं की सपाट रस्त्याचा डोंगर होई. डावीकडे फिरवलं की डोंगर निमूटपणे खाली बसे. इतका आज्ञाधारक निसर्ग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

चाचणी मध्येच थांबली तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हा तिथला नियम. मास्तरांनी तो घरीही लागू केला होता. वर्तमानपत्र वाचताना बायकोने हाक मारली, की ते परत पहिल्या पानावर जात. "एका फेरीने काही सिद्ध होत नाही," हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. भाजी जमली का, असं विचारल्यावरही हेच ऐकू येई आणि वाटी पुढे सरके.

बायकोची थोरली बहीण टेकडीवर राही. तो चढ इतका नामी, की मास्तरांनी त्याची मापं आणवून यंत्रात भरली होती. कारखान्यातल्या प्रत्येक गिअरबॉक्सला मेव्हणीच्या दारापर्यंत जाऊन यावंच लागे. मास्तरांची स्वतःची गाडी मात्र सपाट रस्ता सोडत नसे. भेटायला ताईच खाली उतरून येई.

मग ताई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला, उतरणं बंद झालं.

"अहो, तुमचे गिअरबॉक्स माझ्या बहिणीकडे रोज जाऊन येतात. मी कधी जायचं?"

"अगं, ते बोल्टने जखडलेले असतात."

"मग तुम्हाला कोणी जखडलंय?"

रविवारी सकाळी गाडी निघाली.

अर्ध्या चढावर इंजिन धापा टाकू लागलं, आणि मास्तरांचा डावा हात चपळाईने चढ कमी करायला गेला. हाती लागलं ते रेडिओचं बटण. बातम्या सांगणारी बाई एकदम कुजबुजू लागली. डोंगर होता तसाच राहिला आणि गाडी बंद पडली.

"चढ कमी करत होतात ना?" बायकोने विचारलं.

"छे!"

"खरं सांगा."

"...सवय आहे."

मागून एका ट्रकने हॉर्न दिला. मास्तर हँडब्रेक ओढून खाली उतरले आणि म्हणाले, "मागे घ्या."

ट्रकवाला खिडकीतून वाकला. "का, काका? पुढे रस्ता बंद आहे?"

"नाही. चाचणी बाद झाली. पायथ्यापासून सुरू करायची."

ट्रकवाल्याने मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"घ्या हो मागे," ती म्हणाली. "मी लग्नापासून घेतेय."

ट्रक मागे गेला, मागोमाग मास्तरांची गाडी सरपटत पायथ्याशी आली. या खेपेला पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी. रेडिओचं बटण बायकोने पंजाने झाकून ठेवलं होतं. गाडी कण्हली, पण थांबली नाही.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. "मघाशी अर्ध्यातून परत का फिरलात? मला वाटलं, गेलात." हे ती हसत म्हणाली, पण बहिणीचा हात काही सोडेना.

चहाचा कप हातात आल्यावर मास्तरांचा चेहरा शिखर सर केल्यासारखा झाला. बायकोने तो नीट न्याहाळला.

"अहो, एका फेरीने काही सिद्ध होतं का?"

"मुळीच नाही," मास्तर ठासून म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी परत येऊ."

"आणि त्याच्या पुढच्या?" ताईने विचारलं.

मास्तरांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर हळूहळू काहीतरी शोधू लागला.