बियाण्याचा टोमॅटो

आमच्या उत्तरेकडच्या द्वीना नदीकाठच्या गल्लीत टोमॅटो झाडावर लाल करून दाखवणारी एकच बाई, कापितोलिना, आमची कापा. आम्ही बाकीच्या बाजारातल्या पाकिटावरच्या गुबगुबीत, दक्षिणेकडच्या वाणांना भुलायचो आणि ऑगस्टअखेर दव गोठलं की हिरवे गोळे बरणीत खारवत बसायचो. वर कापा टोमणा मारायची, "चित्र खायचंय की टोमॅटो?" तिचं झाड गुडघ्याएवढं, फळ अंड्याएवढं, पण जुलैत पिकायचं म्हणजे पिकायचं.

त्यात जादू कसली नव्हती. दरवर्षी सगळ्यात आधी पिकलेला टोमॅटो ती कुणाला खाऊ द्यायची नाही, बियाण्याला ठेवायची. असं करत करत तिनं ते वाण आमच्या थंडीच्याही पुढे धावायला शिकवलं होतं. मार्चमध्ये त्यातलं चिमूटभर बी आम्हालाही मिळायचं. तिचा नवरा अर्खिप, लाकूडगिरणीतला निवृत्त माणूस, कुरकुरायचा, "लग्न झाल्यापासून या घरात पहिला घास मातीचा!"

गेल्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला. अन्न जाईना. पहिला टोमॅटो लाल झाला, कापानं खिडकीत आणून ठेवला, तेव्हा मी तिथंच बसले होते.

"कापा, या वर्षी तेवढा मला दे," तो म्हणाला. "मीठ लावून."

"अरे म्हाताऱ्या, बियाण्याचा आहे तो! आठवडाभरात दुसरे पिकतील. तेवढी कळ काढ."

"बरं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मला हसू आलं. दोघांचं हे नेहमीचंच.

दुसरे पिकायच्या आत तो गेला.

कबरीवर आम्ही रीतीप्रमाणे धिरडी ठेवली, उकडलेली अंडी ठेवली. कापानं पिशवीतून तो टोमॅटो काढला, दोन फाका केल्या, मीठ लावलं आणि मातीवर ठेवला. "अगं बये, बी!" माझ्या तोंडून निघून गेलंच. तिनं मानही वळवली नाही. आम्ही फाटकापर्यंत पोचतो तोच कावळे उतरले.

पुढं तिच्या काचघरात फळं नुसती लगडली. एकही तोडलं नव्हतं तिनं. कितीतरी खाली पडून सडत होती. माझं डोकंच फिरलं.

"वेड लागलंय का तुला? यातल्याच एखाद्याचं बी धर की! आयुष्यभराची मेहनत अशी मातीत घालतेस?"

ती उलट्या बादलीवर बसली होती. रडत नव्हती.

"लवकर पिकवून आता करू काय, रायसा?" म्हणाली. "ज्याला घाई होती, त्याला मी थांब म्हणाले."