मास्तरांचा कच्चा टाका

कापड विरेल, पण मास्तरांचा टाका जागचा हलायचा नाही, असं गिऱ्हाइकंच सांगत. शिंपीकामात उभा जन्म गेलेल्या मास्तरांना त्याचा कोण गर्व!

लेकीला मात्र वेड गुहांचं. सुट्टी आली की चालली जमिनीखाली! बायको गेल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे ती परतेपर्यंत मशीनवर बसलेल्या मास्तरांचा जीव टांगणीला. शेवटी म्हणाले, "मीही येतो. बघू तरी, काय पुरून ठेवलंय तिथे!" मनात बेत पक्का होता: एकदा डोळ्यांनी बघायचं आणि हिचं जाणं बंद करायचं.

"बाबा, नवख्यांना नियम असतात," लेक म्हणाली. "डोक्यावर एक दिवा, शिवाय दोन जादा. ते पिशवीत ठेवायचे. कपड्याला खिसा नको, अडकतो."

"बिनखिशाचा कपडा? लोक म्हणतील, मास्तरांना कापड पुरलं नाही!"

ऐकतील तर ते मास्तर कसले! त्यांनी स्वतःसाठी जाड कापडाचा अंगभर सूट शिवला आणि मांडीवर ऐसपैस खिसा लावला. दुहेरी शिवण घालून.

लेकीचा मित्र गुहेच्या तोंडाशी थांबला, बापलेक आत गेले. एका जागी वाट इतकी अरुंद झाली की पोटावर सरपटायचं. लेक सुळकन पलीकडे गेली. मास्तर निम्मे गेले आणि खिसा दगडाच्या टोकात अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हात पुढे ताणलेले, ते मांडीपर्यंत पोचेनात. परतायची वाट तेवढी एकच, आणि तिच्यात बाप बुचासारखा बसलेला!

"श्वास सोडा, बाबा." लेकीने हात धरून ओढलं. टाका हलला नाही. पुन्हा ओढलं. छे! "मी आहे ना," ती शांतपणे म्हणाली, पण तिचा हात थंडगार पडला होता. पोरही घाबरली आहे, हे मास्तरांना कळलं आणि त्यांना रडू फुटलं. देवा, उसव रे हा टाका एकदाचा, असं ते जन्मात पहिल्यांदा म्हणत होते.

ठरल्या वेळी दोघं परतली नाहीत, म्हणून मित्र आत शिरला. त्याने मागून चाकूने खिसा कापला, तेव्हा कुठे मास्तर सुटले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आता पुरे. तू पुन्हा जायचं नाहीस."

लेकीने त्यांच्या तोंडावरचा चिखल पुसला. "बाबा, मी जाणार."



पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तिने स्वतःचा सूट पुढ्यात ठेवला. "गुडघा फाटलाय. ठिगळ लावून द्या ना."

मास्तरांनी मशीनला हात लावला नाही. सुईत एकेरी दोरा ओवला, लांब लांब टाके घातले आणि ओढून बघितलं. ठिगळ सहज हातात आलं. त्यांनी ते पुन्हा लावलं, तसंच.

लेक बघत होती. "अहो बाबा, हे तर लगेच उसवेल!"

"उसवू दे," मास्तर मान वर न करता म्हणाले. "तू तेवढी सुटून ये."