नऊ जणांची सुट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी नऊ मुलांना शाळेत येऊ नका असं मीच सांगितलं होतं.

पाचोडच्या पुढं एका खेड्यातल्या शाळेत मी तेव्हा शिकवायचो. रोज संभाजीनगरहून मोटारसायकलवर अप-डाऊन. परदेशातून आलेल्या एक बाई तिथं बिनपगारी इंग्रजी शिकवायच्या. वय साठीच्या पुढं, जन्म शिकवण्यात गेलेला, आणि राहायला गावातच भाड्याची खोली. आल्या आल्या त्यांनी पाचवीतली सगळ्यांत कच्ची नऊ पोरं मागून घेतली. हुशार मागितली असती तर आम्हाला निदान कळलं असतं.

मधल्या सुट्टीनंतर त्या या नऊ जणांना घेऊन व्हरांड्यात बसायच्या. आधी स्वतः मराठीत काहीतरी विचारायच्या आणि चुकायच्या. पोरं पोट धरून हसायची. मग पोरं इंग्रजीत चुकायची आणि बाई हसायच्या. सहा महिन्यांत ती मोडकंतोडकं का होईना, बोलायला लागली. माझ्या वर्गात ती हजेरीलाही धड आवाज काढत नसत.

बाईंना पाठवणाऱ्या संस्थेचं नव्या शिक्षकांसाठी शहरात प्रशिक्षण चालायचं. त्यात एक दिवस जुन्या शिक्षकाचा वर्ग बघायला जायचं असे. त्या वर्षी एक उंच परदेशी तरुण आमच्याकडं येणार होता. बाईंनी महिनाभर तयारी करून घेतली. प्रत्येकानं पाहुण्याला आपल्या मनातला एक प्रश्न विचारायचा, इतकंच.

मुख्याध्यापक मला म्हणाले, "सर, बाहेरचा माणूस येतोय. तेवढं बघून घ्या."

बाकीचं मला पाठ होतं. कुणी बघायला येणार असलं की कच्ची घरी ठेवायची, हुशार पुढं बसवायची. याला आमच्यात कुणी फसवणूक म्हणत नाही. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडतात, त्यातलाच प्रकार. आदल्या दिवशी शाळा सुटताना मी नऊ जणांना बाजूला घेतलं.

"उद्या तुम्हाला सुट्टी."

"आमालाच व्हय, सर?" एक मुलगी म्हणाली. "पाव्हणा येनार हाय ना? मला त्येला इचारायचंय, तू हिकडं आलास तर तुझ्या आईला करमतं का."

"परवा विचार."

"परवा ऱ्हाईल का त्यो?"

"राहील."

त्याला त्याच संध्याकाळी शहरात परत सोडायचं काम माझ्याकडंच होतं.

सकाळी त्याला मोटारसायकलवर घेऊन गेलो. त्याचे गुडघे दोन्हीकडून रस्त्यावर आले होते. व्हरांड्यात सातवीची निवडक पोरं बसलेली. बाईंनी ती बघितली आणि मला विचारलं, "सर, माझे पोरं कुठं हाय?"

"आली नाहीत, बाई. नवा माणूस म्हणून घाबरली असतील."

सातवीच्यांनी नाव, गाव, बाप शेतकरी, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या.

चहा घेताना बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या की चूक माझी आहे, मी घाई केली, मुलांवर दडपण आलं, तू असं करू नकोस. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. मी शेजारीच होतो. मी त्याला आणखी बिस्किटं घ्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ हजर. काल का आला नाहीत, हे बाईंनी विचारलंच नाही. विचारलं तर आणखी बुजतील, असं त्या मला म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी त्या पोरांना बोलायला लावणंच सोडलं. चित्रं रंगवायला द्यायच्या. आठवड्यानं त्या मुलीनं मला गाठलं.

"सर, बाई आमच्याव रुसल्या का? त्या दिवशी आलो नाय म्हून?"

"नाही गं. जा, चित्र रंगव."

तीन महिन्यांनी बाई आपल्या देशात गेल्या. निरोपाची शाल शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून मीच आणली, भाषणही मीच केलं. निघताना त्या म्हणाल्या, "नऊ मुलांचं मी बिघडवलं, सर. तुम्ही सांभाळा." मी हो म्हणालो. मग माझी बदली झाली.

बाईंचा पत्ता माझ्याकडं आहे. कुणीही घाबरलं नव्हतं, मीच नको म्हणालो होतो, हे त्यांना लिहायचं मी देणं लागतो. आणि बाई रुसल्या नव्हत्या, हे त्या नऊ जणांना सांगायचंही. दोन्ही अजून केलेलं नाही.