पाच इंजिनं आणि एक साक्षीदार

मिरकरवाडा बंदरातलं ते प्रकरण पोलिसातून निवृत्त झाल्यावरही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पहाटेच्या धुक्यात एका ट्रॉलरने लहान होडीला धडक दिली आणि न थांबता तो निघून गेला. होडीत दोघे भाऊ होते. थोरला बुडाला. धाकटा पोहून वाचला, पण त्याने ट्रॉलर पाहिलाच नव्हता. फक्त इंजिनाचा आवाज ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. अमुक ट्रॉलरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कोणीतरी घाईने रंगवलंय, बघा. आम्ही जाऊन पाहिलं, रंग ओला होता. ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाला ताब्यात घेतलं. बंदरावर तो तिथल्या तिथे दोषी ठरला आणि लोकांनी त्याच्या घरच्यांशी बोलणं टाकलं.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. धक्क्याला घासून रंग उडाला, म्हणून नवा लावला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी तपशिलात भर घालतो. हा भर घालत नव्हता, उलट कंटाळला होता. मला शंका येऊ लागली.

हवालदारांचं म्हणणं, याच्याच ट्रॉलरचा आवाज धाकट्याला ऐकवा आणि विषय मिटवा. मी नको म्हटलं. याला कारण भजन स्पर्धा. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण वर्दीमुळे परीक्षकाची खुर्ची मिळते. एका वर्षी आम्ही मंडळांना गुण दिले आणि नंतर भांडणं सोडवत बसलो. पुढच्या वर्षी गुण बाजूला ठेवले. दोन-दोन मंडळं घेऊन एवढंच विचारलं, या दोघांत सरस कोण? जास्त जोड्या जिंकेल ते मंडळ पहिलं. कोणी तक्रार केली नाही. माणसाला किती ते नेमकं सांगता येत नाही, पण दोहोंतलं उजवं-डावं बरोबर कळतं.

त्या पहाटे पाच ट्रॉलर बाहेर पडले होते. सगळ्यांचे आवाज सारख्याच अंतरावरून मोबाइलवर टिपले. नावं न सांगता धाकट्याला दोन-दोन ऐकवले, प्रत्येकाची गाठ बाकी सगळ्यांशी, आणि विचारलं, त्या पहाटेच्या जवळचा कोणता? दुसऱ्या दिवशी जोड्या उलटसुलट करून पुन्हा ऐकवले. अंदाजपंचे बोलणाऱ्याची उत्तरं गोल फिरतात. पहिला दुसऱ्याहून जवळचा, दुसरा तिसऱ्याहून, आणि तिसरा परत पहिल्याहून. याची फिरली नाहीत. एक ट्रॉलर सगळ्या जोड्यांत पुढे होता. कोठडीतल्या तांडेलाचा चौथा आला.

हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नव्हे. कुठे बघायचं, तेवढं कळलं. पुढे आलेल्या ट्रॉलरच्या तळाकडच्या फटीत होडीच्या निळ्या रंगाची ढलपी अडकलेली सापडली. पंचनामा झाला, ढलपी प्रयोगशाळेत गेली. ढलपीचा फोटो समोर ठेवल्यावर त्याच्या तांडेलाने कबुली दिली. निनावी फोनही त्यानेच केला होता. मला त्याचा मनस्वी राग आला.

निर्दोष तांडेल सुटला त्या दिवशी धाकटा आपणहून ठाण्यात आला. तांडेलाच्या देखतच मला म्हणाला, "सायब, पयल्याच दिवशी ह्याचा एकट्याचा आवाज ऐकवला असतात, तर मी हो बोललो असतो. मना कोन तरी पायजेच होता."

तांडेल चपला घालता घालता थांबला. ज्याचा भाऊ गेला, त्याच्यापुढे एकच माणूस उभा केला तर तो त्यालाच धरणार. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कोणत्याही साक्षीदारापुढे एकटा संशयित उभा केला नाही.